सुसंगत कायदा आणि न्याय्य कायदा

पत्र : मुलं मोठी झाल्यावर मी एलएल.बी.ला प्रवेश घेतला, आता दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे बसते. ज्युरिसप्रुडन्सच्या, म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या, ट्युटोरियलमध्ये ‘कायद्यातील सुसंगती ही संकल्पना स्पष्ट करा’ असा प्रश्न होता. ‘कायद्याचे नियम एकमेकांच्या विरोधात नसणे म्हणजे सुसंगती’ असं मी लिहिलं. सरांनी ‘अपुरे’ असा शेरा मारला. वकीलसाहेबांना विचारलं तर म्हणाले, ‘हे सगळं परीक्षेपुरतं. कोर्टात साइटेशन चालतं.’ आणखी एक शंका आहे, ती काही केल्या जात नाही. आम्ही पंचवटीतले. माझे पणजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. ज्या व्यवस्थेने त्यांना दाराबाहेर ठेवलं, ती तर आतून पक्की सुसंगत होती. कोणी कुठे राहायचं, कुठलं पाणी भरायचं, कोणाच्या पंगतीला बसायचं, सगळं एकमेकांत घट्ट बसलेलं. मग सुसंगतीला एवढं डोक्यावर का घेतात?
– पंचवटीची एक विद्यार्थिनी

ताई,

तुमची शेवटची शंका हा या विषयावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे, आणि तो तुम्ही पुस्तकातून उचललेला नाही, घरातून आणला आहे. त्याला नीट उत्तर द्यायचं तर आधी सरांचा शेरा आणि वकीलसाहेबांचं म्हणणं हातावेगळं करावं लागेल.

तुमची व्याख्या चुकीची नाही, पण ती फक्त पहिली पायरी आहे. दोन नियम एकाच वेळी पाळता येत असतील तर त्यांच्यात विरोध नाही, एवढंच म्हणता येतं. याला आपण अविरोध म्हणू. सुसंगती त्याच्या पुढची. एक काल्पनिक उदाहरण घ्या. एखाद्या बाजार समितीने ठराव केला की सोमवारी माल आणणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे त्याच दिवशी चुकते करायचे आणि मंगळवारी आणणाऱ्याचे पंधरा दिवसांनी. दोन्ही नियम व्यापाऱ्याला बिनघोर पाळता येतात, कुठेही अडत नाही. पण मंगळवारचा शेतकरी ‘माझेच पैसे का अडकवले?’ असं विचारेल तेव्हा समितीकडे सांगायला काही नसतं. सोमवार आणि मंगळवार यांना जोडणारं कारणच नाही. अविरोध आहे, सुसंगती नाही.

आता याच ठरावात एक माहिती घाला. समजा, सोमवारी खाण्याचा कांदा येतो आणि मंगळवारी फक्त कांद्याचं बी येतं. कांदा हातात घेऊन, फोडून तिथल्या तिथे पारखता येतो. बी उगवतं की नाही हे कळायला दहा-बारा दिवस जातात. लगेच चित्र बदललं. ‘माल पारखून झाला की पैसे द्यायचे’ या एकाच तत्त्वातून दोन्ही नियम निघाले. ठरावातला एक शब्दही बदलला नाही, तरी आधी विसंगत वाटणारी गोष्ट सुसंगत झाली. म्हणजे नुसती कलमं शेजारी शेजारी ठेवून सुसंगती तपासता येत नाही. कलमांच्या मागची कारणं एकमेकांना आधार देतात का, हे पाहावं लागतं.

हा फरक नेमकेपणाने मांडला तो स्कॉटलंडचे नील मॅककॉर्मिक यांनी. ते एडिंबरा विद्यापीठात शिकवत. १९७८ चं त्यांचं कायदेशीर युक्तिवादावरचं पुस्तक तुमच्या ग्रंथालयात असेल तर त्यातलं सुसंगतीवरचं प्रकरण वाचाच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : नियमांचा एखादा संच सुसंगत ठरतो तो एखाद्या तत्त्वाखाली किंवा मूल्याखाली एकत्र आणल्यावर त्याला अर्थ येतो म्हणून, आणि ते तत्त्व स्वतः मान्य करण्याजोगं असावं लागतं. या वाक्याचा दुसरा भाग विद्यार्थी हमखास गाळतात. तुम्ही गाळू नका, कारण तुमच्या पणजोबांच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे.

आता वकीलसाहेब. साइटेशन, म्हणजे आधीच्या निकालाचा दाखला, चालतं हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. संविधानाच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. दिवाणी न्यायाधीशांपुढे उभं राहून तत्त्वज्ञान सांगितलं तर ते घड्याळाकडेच बघणार. पण ते स्वतः उलटतपासणी घेतात तेव्हा काय करतात ते एकदा लक्ष देऊन बघा. साक्षीदार म्हणतो, मी अंधारात वीस फुटांवरून चेहरा ओळखला. पुढच्याच प्रश्नाला म्हणतो, त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता. या दोन विधानांत तर्काने पाहिलं तर विरोध नाही. तरी सगळ्या कोर्टाला कळतं की गोष्ट जुळत नाही. मॅककॉर्मिक याला कथनाची सुसंगती म्हणतात, आणि नियमांच्या सुसंगतीची ती सख्खी बहीण आहे. तुमचे वकीलसाहेब सुसंगतीवर रोज पोट भरतात, फक्त तिला त्या नावाने हाक मारत नाहीत. हे त्यांना सांगायला जाऊ नका. बघा आणि शिका.

याच ठिकाणी फौजदारी कायद्याने एक सावधगिरी शिकवली आहे. परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा केव्हा द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पाच कसोट्यांत मांडलं. फिर्यादी पक्षाची गोष्ट आरोपीच्या दोषाशी जुळते, एवढं पुरत नाही. पुराव्याची साखळी पूर्ण हवी आणि आरोपी निर्दोष असण्याशी जुळणारी दुसरी कुठलीही वाजवी गोष्ट त्यातून उरता कामा नये. असं का? कारण चांगली रचलेली खोटी गोष्टही जुळतेच. किंबहुना खऱ्या साक्षीदाराची गोष्ट बरेचदा जरा विस्कळीत असते आणि पढवून आणलेल्याची अगदी गुळगुळीत. सुसंगती असली की सत्य असतंच असं नाही, हे आपल्या न्यायालयांना पुराव्याच्या बाबतीत पक्कं ठाऊक आहे. तुमची शंका तीच गोष्ट न्यायाच्या बाबतीत विचारते.

पण तिथे जाण्याआधी साइटेशनच्या मुद्द्यावर आणखी एक गोष्ट सांगते, कारण सुसंगती नसली म्हणून निकाल कोसळल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं. खटला खडक सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, निकाल डिसेंबर १९६२ चा. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसावर पोलिसांनी पाळत ठेवली. रात्री-अपरात्री दार ठोठवायचं, हाका मारायच्या, घरात शिरायचं. सहा न्यायमूर्तींपैकी बहुमताने रात्रीच्या या घरभेटींची तरतूद रद्द केली, कारण त्यामुळे अनुच्छेद २१ मधल्या वैयक्तिक स्वातंत्र्याचा भंग होतो. इथवर ठीक. पण त्याच निकालात पुढे बहुमत म्हणतं की खाजगीपणाचा हक्क आपल्या संविधानाने दिलेला नाही, म्हणून हालचालींवर पाळत ठेवायला हरकत नाही. मग घरभेटी कशाच्या जोरावर रद्द केल्या? माणसाला स्वतःच्या घरात निवांत राहू द्यावं, हेच तर कारण होतं. न्या. सुब्बा राव आणि न्या. शाह यांनी वेगळं मत देऊन खाजगीपणा हा वैयक्तिक स्वातंत्र्याचाच भाग असल्याचं तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं सरकारी वकील या निकालाचा दुसरा भाग वाचून दाखवत आणि नागरिकांचे वकील पहिला. साइटेशन एकच! २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खाजगीपणाचा हक्क मान्य केला आणि खडक सिंगमधलं उलट विधान खोडून काढलं. त्यांच्या कारणांतलं एक महत्त्वाचं कारण हेच होतं की तो निकाल स्वतःशीच जुळत नाही. नऊ न्यायमूर्ती बसवावे लागले, कारण १९५४ चा एम. पी. शर्मा हा आठ न्यायमूर्तींचा निकालही आडवा येत होता. साइटेशन जिथे थकतं तिथे सुसंगतीचा युक्तिवाद सुरू होतो, आणि असे प्रसंग फक्त दिल्लीत येतात असं समजू नका. उच्च न्यायालयाचे दोन निकाल दोन बाजूंना ओढतात तेव्हा जिल्हा न्यायालयातल्या वकिलालाही सांगावं लागतं की बाकीच्या कायद्याशी कुठला जास्त जुळतो.

ही पद्धत सगळ्यात उंच नेली ती अमेरिकेच्या रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी, १९८६ च्या ‘लॉज एम्पायर’मध्ये. त्यांच्या मते न्यायाधीशाने दोन गोष्टी पाहायच्या : आपला अर्थ आजवरच्या कायद्यात बसतो का, आणि बसणाऱ्या अर्थांपैकी कुठला त्या कायद्याला नैतिकदृष्ट्या सगळ्यात उजळ रूप देतो. परीक्षेसाठी एवढं पुरे. यावरचा ऑक्सफर्डच्या जोसेफ राझ यांचा आक्षेप मात्र नीट समजून घ्या, तो तुम्हाला नाशिकमध्ये बसून दिसेल.

राझ यांनी १९९२ च्या लेखात विचारलं की सगळा कायदा एकसंध असावा अशी अपेक्षा मुळात का धरायची? कायदा एका डोक्यातून निघत नाही. वेगवेगळ्या काळातली विधिमंडळं, वेगवेगळे पक्ष, तडजोडी, दबाव यांतून तो साचत जातो. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्याच्या हिशोबाने महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. त्यामागे अनुच्छेद ४७ मधलं दारूबंदीचं मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइन उद्योगाला सवलती दिल्या, आणि गंगापूर धरणाच्या परिसरापासून दिंडोरीपर्यंत वायनरी उभ्या राहिल्या. परवान्याची पळवाट असल्यामुळे इथे अविरोध शाबूत आहे. सुसंगती? एक कायदा म्हणतो दारू हे व्यसन आहे, जवळपास नकोच. दुसरं धोरण म्हणतं द्राक्षबागायतदाराला दोन पैसे मिळू द्या, पर्यटक येऊ द्या. राझ म्हणतील, असू द्या. दोन वेगळी मूल्यं आहेत, दोन्ही खरी आहेत, त्यांना बळेबळे एका सूत्रात ओवायला गेलात तर खोटं सूत्र तयार होईल.

मला राझ यांचं हे म्हणणं पटतं, पण एका मर्यादेपर्यंतच. संपूर्ण कायद्याकडून एकसंधपणाची मागणी करू नये, हे मान्य. भाडेकरूंचा कायदा आणि पेटंटचा कायदा एका तत्त्वातून निघाले नाहीत तर कुणाचं काही बिघडत नाही. पण एका विषयापुरती, एका कायद्यापुरती, निदान एका निकालापुरती तरी सुसंगती मागायलाच हवी. शासन माणसाच्या पैशावर, घरावर, शरीरावर हात टाकतं तेव्हा ‘मला असं आणि त्याला तसं का?’ याचं उत्तर देणं त्याला भाग आहे. वाइनच्या बाबतीतही, परवाना नसलेल्या एखाद्या गरिबाला पकडून उभं केलं आणि रिसॉर्टमधल्या पाहुण्याला कोणी विचारलंही नाही, तर ती विसंगती मूल्यांच्या विविधतेच्या नावाखाली खपवता येणार नाही.

आता पणजोबा.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. अस्पृश्यता पाळणारी व्यवस्था आतून सुसंगत होती. देऊळ, पाणवठा, पंगत, लग्न, धंदा, राहण्याची जागा यांचे नियम एकमेकांना टेकू देत होते आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच तत्त्व होतं : जन्मावरून उच्चनीच. डॉ. आंबेडकरांना हे फार स्पष्ट दिसलं होतं. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी सांगितलं की सहभोजनं आणि तुरळक आंतरजातीय लग्नं यांनी जात मोडणार नाही, ज्या शास्त्रांच्या पावित्र्यावर ती उभी आहे त्यांवरची श्रद्धाच मोडावी लागेल. सुसंगत अन्यायाचं हेच भय असतं. एखादी वीट काढून तो ढासळत नाही.

म्हणून मॅककॉर्मिक यांच्या वाक्याचा तो दुसरा भाग. नियमांना जोडणारं तत्त्व मान्य करण्याजोगं आहे का, हा प्रश्न सुसंगती स्वतः सोडवू शकत नाही. त्यासाठी बाहेरून काहीतरी यावं लागतं : माणसांचा अनुभव, चळवळ, कधी संविधानसभा. जे लोक सुसंगतीलाच न्याय समजतात ते साक्षीदाराची गोष्ट जुळली म्हणून लगेच शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशासारखं वागतात.

मग तिचा उपयोग काय? मला वाटतं, योग्य तत्त्व एकदा तोंडातून वदवून घेतलं की सुसंगती त्या तत्त्वाचा पाठपुरावा करते. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला : सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, न्यायालयं अस्पृश्यांना खुली. मंदिरं त्यात नव्हती. पण एकदा ‘जे सर्वांचं ते यांचंही’ हे मान्य केल्यावर सर्व हिंदूंच्या म्हणवल्या जाणाऱ्या देवळाच्या दाराशी हे तत्त्व का थांबावं? २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तुमच्या पणजोबांसारखे हजारो लोक काळारामाच्या दाराशी बसले तेव्हा त्यांच्या असण्यातूनच हा प्रश्न विचारला जात होता. दार उघडलं नाही. काही वर्षं लढा चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. म्हणजे सुसंगतीचा युक्तिवाद बरोबर असूनही समोरचा ऐकेलच असं नाही, हेही नाशिक जिल्ह्यानेच पाहिलं.

दार उघडलं ते पुढे कायद्याने. संविधानात अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद २५(२)(ख) ने सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरं सर्व हिंदूंना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला. पण अनुच्छेद २६(ख) प्रत्येक धर्मसंप्रदायाला धर्माच्या बाबी स्वतः सांभाळण्याचा हक्कही देतो. दक्षिण कन्नडमधल्या मुल्की गावच्या व्यंकटरमण मंदिराच्या विश्वस्तांनी नेमकं हेच पुढे केलं : मंदिर गौड सारस्वतांचं आहे, आत कोणी यावं हा आमच्या धर्माचा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. व्यंकटराम अय्यर यांनी नोव्हेंबर १९५७ च्या निकालात विश्वस्तांचे हे दोन्ही मुद्दे मान्य केले, आणि तरी मुख्य मागणी फेटाळली. २६(ख) ला वरचढ धरलं तर २५(२)(ख) मेल्यातच जमा होतं. उलट धरलं तर दोन्ही जिवंत राहतात. काही खास विधी संप्रदायापुरते ठेवता येतील, एरवी मंदिर सगळ्यांना खुलं.

हा निकाल ‘हार्मोनियस कन्स्ट्रक्शन’च्या, म्हणजे दोन कलमांचा मेळ बसेल असा अर्थ लावण्याच्या, मथळ्याखाली घोकतात. घोकू नका, मूळ निकाल काढून वाचा. दोन कलमांची टक्कर टाळली, एवढाच त्याचा अर्थ लावला तर तुमचा ट्युटोरियलमधला घोटाळा पुन्हा होईल. टक्कर दुसऱ्याही मार्गाने टाळता आली असती : ‘सार्वजनिक मंदिर’ याचा अर्थ संप्रदायांची मंदिरं वगळून, असा लावून. विश्वस्तांचा युक्तिवाद तोच होता. तो नाकारताना न्यायालयाने संविधानापूर्वीच्या अस्पृश्यतेचा आणि सुधारकांच्या चळवळीचा उल्लेख केला, आणि जन्मावरून माणसांना सार्वजनिक जागा नाकारणारी रूढी वाजवी मानता येणार नाही असं म्हटलं. तिथे नुसता अविरोध संपला आणि तत्त्व बोलू लागलं.

तुमच्या शंकेवर मूटमध्ये (सरावाच्या खटल्यात) किंवा तोंडी परीक्षेत कोणी अडवलं तर बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधानसभेतलं भाषण हाताशी ठेवा. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतींच्या आयुष्यात प्रवेश करतो आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असं त्यांनी बजावलं. जुन्या व्यवस्थेत ही विसंगती नव्हती, कारण तिथे समतेचं तत्त्वच नव्हतं. ती संविधानाने निर्माण केली, आणि बरं केलं. आता अन्यायाला आपली गोष्ट जुळवून सांगता येत नाही.

या सत्रात सेमिनार पेपर असेल तर हाच विषय घ्या, पण आवाका लहान ठेवा. ड्वॉर्किन, राझ सगळ्यांना एकत्र कोंबू नका. मॅककॉर्मिक यांचा फरक दोन पानांत मांडा आणि बाकी सगळा पेपर मुल्की मंदिराच्या एका निकालावर लिहा : कुठलं वाक्य फक्त टक्कर टाळतं आणि कुठलं तत्त्व सांगतं, परिच्छेद क्रमांक देऊन. पणजोबांबद्दल घरात जे सांगितलं जातं ते प्रस्तावनेत लिहायला संकोचू नका. सरांना विचारून घ्या, पण लिहा.